ज्युदोचे जनक जिगोरो कानो

ज्युदो हें नांव आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें असतें. जाड पांढरा अंगरखा, कमरेस बांधलेला पट्टा आणि क्षणार्धांत पाठीवर आदळलेला प्रतिस्पर्धी, एवढें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि ही हजार दोन हजार वर्षांपूर्वींची, कोणा मुनीनें डोंगरांत बसून शोधलेली विद्या असावी अशी समजूत होते. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. ज्युदोचा जन्म १८८२ सालीं टोकियो शहरांतील एका बौद्ध मंदिरांत, १२ चटयांच्या एका खोलींत झाला; आणि त्याचा जनक कोणी मुनि किंवा सेनापति नसून २१ वर्षांचा, अंगानें किरकोळ असा एक शिक्षक होता. त्याचेंच चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांस सांगणार आहों.

जिगोरो कानो यांचा जन्म १० डिसेंबर १८६० रोजीं जपानांतील कोबे शहराजवळ, समुद्रकांठच्या मिकागे या गांवीं झाला. साके नांवाचें तांदळाचें मद्य गाळणें हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. वडील मात्र त्या धंद्यांत न पडतां सरकारी कामांत शिरलेले होते. जिगोरो ९ वर्षांचा असतांना त्याची आई वारली, आणि पुढें वडिलांनीं मुलांस टोकियोस नेलें. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८६८ सालीं शोगुनांची सत्ता संपून सम्राटाचें राज्य पुन्हां सुरू झालें होतें, आणि जपाननें पाश्चात्त्य विद्येकडे आपलीं दारें उघडलीं होतीं. दूरदृष्टीच्या त्या पित्यानें मुलास जुन्या वळणाचें अक्षरलेखन व चिनी ग्रंथ शिकविले, आणि त्याबरोबरच इंग्रजीही शिकविली. पुढें जिगोरोला ही भाषा इतकी अवगत झाली कीं, आपलीं खासगी टिपणें तो इंग्रजींत लिहूं लागला.

परंतु बुद्धि कितीही तल्लख असली तरी शाळेच्या आवारांत तिचें कोण चालूं देतो! वयाच्या १३-१४ व्या वर्षीं जिगोरो एका वसतिगृहवजा शाळेंत राहूं लागला. तेथें सर्व विषय परकीय शिक्षक इंग्रजी व जर्मन भाषेंत शिकवीत. जिगोरो अभ्यासांत पुढें. पण शरीरानें लहान व अशक्त. मोठेपणींही त्याची उंची ५ फूट २ इंचांच्या आसपासच राहिली. अंगानें दांडग्या असलेल्या मुलांनीं त्यास जो त्रास दिला, त्याची आठवण त्यानें म्हातारपणापर्यंत ठेविली होती. आम्हीं इतकीं वर्षें मुलांत काढलीं आहेत, म्हणून सांगतों कीं, वर्गांत हुशार आणि मैदानांत दुबळा अशा मुलाचे हाल शिक्षकांच्या नजरेस क्वचितच पडतात. जिगोरोनेंही तक्रार केली नाहीं. लहान माणसासही मोठ्यास लोळवितां येतें अशी जुजुत्सु नांवाची एक विद्या आहे, हें त्याच्या कानीं आलें होतें. ती आपणांस यावी एवढाच ध्यास त्यानें घेतला.

घरीं येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीं एका गृहस्थास ती विद्या येत होती. त्यानें कांहीं डाव करूनही दाखविले. पण शिकवायची गोष्ट काढतांच तो म्हणे, आतांच्या काळांत याचा काय उपयोग? वडिलांचेंही मत तेंच पडलें. त्यांचा दोष आम्ही मानीत नाहीं. सामुराई वर्ग मोडला होता. १८७६ च्या हुकुमानें तलवार बाळगण्यासही बंदी झाली होती. त्या वर्गाच्या आश्रयावर जगणारे जुजुत्सुचे गुरु उघडे पडले. कोणी पोटासाठीं तमाशासारखे पैसे घेऊन झुंजी दाखवूं लागले, कोणाचे शिष्य गांवगुंडीस लागले. जुजुत्सु म्हणजे धटिंगणांचा धंदा अशीच सुशिक्षितांची समजूत झाली होती, आणि संप्रदायांच्या रहस्यांच्या जुन्या गुंडाळ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत कवडीमोलानें मिळत. कानो यांनीं पुढें अशा पुष्कळ गुंडाळ्या विकत घेऊन जपून ठेविल्या.

१८७७ सालीं जिगोरो टोकियोच्या विद्यापीठांत दाखल झाला आणि गुरूचा शोध त्यानें स्वतःच सुरू केला. त्याची युक्ति मोठी मौजेची आहे. जुजुत्सुच्या अभ्यासांत हाडें निखळणें व बसविणें हें रोजचेंच; तेव्हां पुष्कळ जुने उस्ताद हाडवैद्य होऊन पोट भरीत असत. म्हणून जिगोरो हाडवैद्यांच्या पाट्या पाहत रस्त्यांनीं हिंडूं लागला, आणि दिसेल त्या हाडवैद्यास जुजुत्सु येते काय असें विचारूं लागला. पुष्कळांनीं त्यास वाटेस लाविलें. शेवटीं यागी नांवाच्या एका वृद्ध वैद्यानें त्यास हाचिनोसुके फुकुदा यांच्याकडे पाठविलें. फुकुदा हे तेन्जिन शिन्यो संप्रदायाचे गुरु. त्यांची तालीम अगदीं लहान, शिष्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

फुकुदांची शिकविण्याची पद्धति कशी होती हें ऐकून आमच्या वाचकांस हंसूं येईल. एके दिवशीं त्यांनीं एका डावानें जिगोरोला खालीं पाडलें. हात कोठें, पाय कोठें, हें जिगोरोनें विचारतांच त्यांनीं त्यास पुन्हां पाडलें. त्यानें पुन्हां विचारलें, पुन्हां आपटी खाल्ली. विचारून का कोठें येतें, पडून पडून येतें, असा त्या गुरुजींचा सिद्धांत! जिगोरोच्या अंगावर नेहमीं मलमपट्ट्या असत व विद्यापीठांतील मित्र त्यावरून थट्टा करीत. त्या काळचा त्याचा ठिकठिकाणीं शिवलेला अंगरखा कोदोकानच्या संग्रहालयांत जपून ठेविला आहे.

त्या तालमींत फुकुशिमा नांवाचा एक धिप्पाड शिष्य होता. त्याच्यापुढें जिगोरोचें कांहीं चालेना. तेव्हां त्यानें आपल्या देशांतील सुमो या कुस्तीचे डाव तपासून पाहिले. तेही लागू पडेनात. मग ग्रंथालयांत जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचीं पुस्तकें चाळलीं. त्यांत त्यास एक डाव सांपडला: प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखालीं शिरून त्यास आडवा खांद्यांवर उचलावयाचा आणि पलीकडे टाकावयाचा. जिगोरोनें त्याचा गुपचूप सराव केला आणि फुकुशिमास खरोखरच उचलून आपटलें. हा डाव आज ज्युदोंत काता-गुरुमा, म्हणजे खांद्यावरचें चाक, या नांवानें प्रसिद्ध आहे. ज्युदो शुद्ध जपानी कीं मिश्र, असा वाद कधीं निघाल्यास या डावाची आठवण ठेवावी.

१८७९ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेचे माजी अध्यक्ष जनरल ग्रँट टोकियोस आले असतां त्यांच्यापुढें जुजुत्सुचे प्रयोग झाले. त्यांत फुकुदांबरोबर जिगोरोही होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा वारले. त्यांच्या घरच्या मंडळींनीं संप्रदायाच्या गुंडाळ्या या १८ वर्षांच्या शिष्याच्या हातीं दिल्या. पुढें तो त्याच संप्रदायाचे वयोवृद्ध गुरु मासातोमो इसो यांच्याकडे जाऊं लागला. तेही १८८१ सालीं वारले. दोन गुरु गेले. तिसरे गुरु जिगोरोनें शोधले ते मात्र निराळ्याच संप्रदायाचे, कितो संप्रदायाचे त्सुनेतोशी ईकुबो. आमच्या मतें ज्युदोचें बीज येथें आहे. कारण दोन्ही इसो जगले असते, म्हणजे फुकुदा व इसो हे दोघेही जगले असते, तर जिगोरो एकाच घराण्याचा निष्ठावंत शिष्य राहिला असता असा पुष्कळ संभव आहे.

या दोन संप्रदायांतील भेद समजून घेतल्याशिवाय पुढील गोष्ट कळावयाची नाहीं. तेन्जिन शिन्यो संप्रदाय हा स्वतः दोन जुन्या परंपरांच्या मिलाफांतून निघालेला. त्याचा भर धरणें, दाबणें, गळा आवळणें, सांधे पिळणें आणि मर्मस्थानीं प्रहार करणें यांवर. कितो संप्रदाय चिलखत घातलेल्या योद्ध्यांच्या काळचा; त्याचा भर फेंकण्यावर आणि शरीराच्या तोलावर. एकांत जमिनीवरची विद्या, दुसऱ्यांत उभ्यानें करावयाची. कानो यांनीं दोन्ही शिकून घेतल्या, त्यांतील पोकळ भाग वगळला, आणि प्रत्येक डाव कां लागतो असा प्रश्न विचारावयास सुरुवात केली. फुकुदांनीं ज्या प्रश्नाचें उत्तर आपटून दिलें होतें तोच हा प्रश्न.

त्याचें उत्तर त्यांस ईकुबोंशीं झुंजतांना सांपडलें. उभा असलेला माणूस दगडासारखा घट्ट असतो. पण त्यास किंचित् पुढें ओढलें किंवा मागें लोटलें कीं तो आपला तोल सांवरण्याच्या गडबडींत असतो, आणि त्या क्षणीं त्याचें बळ त्याच्या कामीं येत नाहीं. आधीं तोल मोडावा आणि मग डाव टाकावा. हें तत्त्व साधल्यावर एके दिवशीं कानो यांनीं आपल्या गुरूसच वारंवार पाडलें. असें कधीं झालें नव्हतें. ईकुबोंनीं विस्मयानें कारण विचारलें, शिष्यानें तें सांगितलें, आणि त्या उदार गुरूनें आपणांपाशीं आतां शिकविण्याजोगें कांहीं उरलें नाहीं असें मोकळेपणीं कबूल केलें. असे गुरु विरळा!

कानो हें तत्त्व आंकड्यांनीं समजावीत. समजा, प्रतिस्पर्ध्याचें बळ १० आणि आपलें ७. तो लोटूं लागला आणि आपण विरोध केला, तर आपण हरणारच. परंतु त्याच्या लोटण्यास आपण वाट दिली तर तो पुढें झुकतो. त्या स्थितींत त्याचें बळ समजा ३ उरलें, आणि आपले ७ तर शाबूत आहेत. मग अर्ध्या बळानेंही त्यास पाडतां येतें. जपानी भाषेंत ‘जु’ म्हणजे मार्दव, लवचीकपणा, तो या अर्थानें. आपल्याकडील कुस्तीगीरांस हें अगदींच नवें वाटणार नाहीं. धोबीपछाड मारणारा मल्लही समोरच्याच्या झोंकाचाच उपयोग करितो, आणि ज्युदोंतील सेओइ-नागे हा डाव त्याचा जवळचा नातलग शोभेल.

१८८१ सालीं विद्यापीठाची पदवी घेऊन कानो पुढील सालीं गाकुशुइन या सरदारपुत्रांच्या शाळेंत शिक्षक झाले, आणि त्याच सालीं त्यांनीं एइशोजी मंदिरांत आपली तालीम उघडली. तिचें नांव कोदोकान, म्हणजे मार्गाचें अध्ययन करण्याचें घर. पहिल्या वर्षीं शिष्य अवघे ९. आठवड्यांतून कांहीं दिवस ईकुबो स्वतः येऊन शिकवीत. आपटण्याच्या दणक्यांनीं मंदिरांतील मृतांच्या स्मृतिपाट्या पडत आणि जमीन खचे, म्हणून तेथील भिक्षु बिचारे त्रासून जात. आणि कानो आपल्या शिष्यांसह रात्रीं तख्तपोशीखालीं शिरून दिव्याच्या उजेडांत मोडलेल्या फळ्या दुरुस्त करीत. शिष्यांकडून फी नाहीं. उलट कित्येकांच्या जेवणाखाण्याची सोयही तेच पाहत. पगार पुरेना, तेव्हां रात्रीं जागून भाषांतरें करीत.

जुन्या विद्येस ‘जुत्सु’, म्हणजे कला अथवा हिकमत, म्हणत. कानो यांनीं त्या जागीं ‘दो’, म्हणजे मार्ग, हा शब्द घातला. प्रहार व घातक डाव त्यांनीं ठराविक पाठांत, ज्यांस काता म्हणतात, जतन केले. आणि मोकळ्या झुंजींतून काढून टाकले. नवख्यास आधीं पडावयास शिकवावें हा नियम केला. यामुळें दोघे जण सारी शक्ति लावून झुंजूं शकत आणि दोघेही धडधाकट घरीं जात. जे संप्रदाय घातक डावांचा अभिमान बाळगीत त्यांचे शिष्य ते डाव खरोखर कधीं करूं शकत नसत. कानोंचे शिष्य मात्र रोज शेंकडों वेळां आपले डाव करून पाहत. १८८६ च्या सुमारास टोकियो पोलिसांच्या आश्रयाखालीं जुन्या संप्रदायांशीं जे सामने झाले त्यांत कोदोकानचा वरचष्मा झाला, याचें कारण आम्हांस या नित्याच्या सरावांत दिसतें. शिष्यांच्या प्रगतीसाठीं त्यांनीं ‘दान’ म्हणून पायऱ्याही पाडल्या. आज जगभर प्रसिद्ध असलेला काळा पट्टा त्यांतूनच आला.

१८८९ सालीं कानो युरोपांतील शिक्षणसंस्था पाहण्यासाठीं गेले. परतीच्या प्रवासांत बोटीवर एका दांडग्या परदेशी गृहस्थानें त्यांच्याशीं बळाची परीक्षा केली असें सांगतात. कानो यांनीं त्यास उचलून टाकलें. परंतु डोकें लांकडी तख्तावर आपटूं नये म्हणून पडतां पडतां आपला हात त्याच्या डोक्याखालीं दिला. शाळेंत मार खाणाऱ्या त्या मुलाचा सूड कोठें गेला, असा प्रश्न कोणी विचारील तर या एका हाताकडे पहावें.

मूळ पेशा त्यांनीं कधीं सोडला नाहीं. १८९१ पासून ते कुमामोतो येथें मुख्याध्यापक होते, आणि १८९३ सालीं टोकियोच्या उच्च शिक्षक-विद्यालयाचे प्राचार्य झाले. मधला थोडा खंड वगळतां १९२० पर्यंत ती जागा त्यांच्याकडेच होती. जपानांतील शिक्षकांच्या एका सबंध पिढीवर त्यांची छाप पडली. १८९६ सालीं चीन सरकारनें पाठविलेले १३ विद्यार्थी त्यांच्या हवालीं करण्यांत आले; त्यांतूनच पुढें चिनी विद्यार्थ्यांकरितां त्यांची कोबुन गाकुइन ही शाळा निघाली. ती १९०९ पर्यंत चालली. अर्वाचीन चिनी वाङ्मयाचे अध्वर्यु लू शुन हे या शाळेंत शिकले. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

१९०९ सालीं कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. आशिया खंडांतून तेथें बसणारे ते पहिलेच. १९१२ सालीं स्टॉकहोम येथील सामन्यांस ते अवघे दोन खेळाडू घेऊन गेले. त्यांपैकीं कानाकुरी हा त्यांच्याच विद्यालयाचा विद्यार्थी मॅरेथॉन शर्यतींत उन्हानें बेजार होऊन वाटेंतच थांबला. ५५ वर्षांनीं, १९६७ सालीं, स्वीडनच्या लोकांनीं त्या वृद्धास बोलावून ती शर्यत पुरी करविली, आणि तिची वेळ ५४ वर्षें ८ महिने ६ दिवस आणि वर कांहीं तास अशी जाहीर केली!

दरम्यान ज्युदो देशोदेशीं पसरत होता. आपल्या देशाशीं त्याचा संबंध फार जुना आहे: रवींद्रनाथ ठाकूर यांनीं शांतिनिकेतनांत १९०५ सालीं सानो यांस आणि १९२९ सालीं ताकागाकी यांस जपानांतून शिक्षक म्हणून आणविलें. माएदा या शिष्यानें ही विद्या ब्राझील देशांत नेली व तिच्यापासून तेथें एक नवी शाखा फुटली. ओश्चेपकोव्ह हा रशियन तरुण कोदोकानांत शिकून मायदेशीं गेला. त्याच्या शिकवणींतून सांबो हा तेथील कुस्तीप्रकार घडला. पण १९३७ सालीं जपानचा हेर या आरोपाखालीं त्यास तुरुंगांत टाकलें आणि तेथेंच त्याचा अंत झाला. दुसऱ्यांच्या विद्येविषयींही कानो यांस मत्सर नव्हता. १९२२ सालीं ओकिनावाचे फुनाकोशी यांस बोलावून त्यांनीं कोदोकानांत कराटेचे प्रयोग करविले, आणि १९३० सालीं उएशिबांची विद्या, जिला पुढें आयकिदो म्हणूं लागले, ती पाहून आपले शिष्य त्यांच्याकडे शिकावयास धाडले.

शक्तीचा उत्तम उपयोग आणि स्वतःचें व दुसऱ्याचें एकत्र हित, हीं दोन तत्त्वें त्यांनीं १९२२ च्या सुमारास ज्युदोचें सार म्हणून मांडलीं. त्यांच्या उतारवयांत त्यांचा देश मात्र याच्या अगदीं उलट वाटेनें निघाला होता. १९३६ सालीं बर्लिन येथें १९४० चे ऑलिंपिक सामने टोकियोस देण्याचें ३६ विरुद्ध २७ मतांनीं ठरलें. आणि पुढच्याच वर्षीं जपाननें चीनवर मोठें युद्ध लादलें. ज्या चिनी तरुणांस कानो यांनीं शिकविलें होतें त्यांच्याच देशावर हें संकट. १९३८ च्या मार्चमध्यें कायरो येथील सभेंत ७७ वर्षांच्या या वृद्धानें सामने टोकियोंतच व्हावे म्हणून खटपट केली व ती सिद्धीस गेली. युद्ध चालवणाऱ्या राष्ट्रानें जगास खेळावयास बोलवावें, हें आमच्या मनास पटत नाहीं. कानो यांस तें विसंगत वाटलें नाहीं कीं खेळ तरी शांततेचा एक धागा राखतील अशी आशा त्यांस होती, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

तो निरोप घेऊन ते घरीं पोंचलेच नाहींत. अमेरिकेच्या मार्गानें ‘हिकावा मारू’ या बोटीनें येत असतां त्यांस फुप्फुसदाह झाला, आणि ४ मे १९३८ रोजीं, योकोहामा दोन दिवसांवर असतांना, समुद्रांतच त्यांचा अंत झाला. दोन महिन्यांनीं जपाननें सामने परत केले. युद्धानंतर जपानी शाळांतून ज्युदोवर बंदी आली. ती १९५० सालीं उठली. १९६४ सालीं टोकियोंत ऑलिंपिक सामने झाले तेव्हां ज्युदोचा त्यांत प्रथमच समावेश झाला, आणि सर्व वजनांच्या खुल्या गटांत हॉलंडच्या उंच्यापुऱ्या गीसिंकनें जपानच्या कामिनागास हजारों जपानी प्रेक्षकांसमोर दाबून धरून हरविलें. त्याचे देशबांधव आनंदानें चटईवर धांवूं लागतांच गीसिंकनें हात वर करून त्यांस थांबविलें, आणि आधीं कामिनागास नमस्कार केला.

आतां एकच गोष्ट सांगावयाची राहिली. पहिले गुरु फुकुदा, ज्यांनीं कानोंस विचारण्याऐवजीं पडावयास शिकविलें, त्यांची केइको नांवाची एक नात होती. कोदोकानांत स्त्रियांचा विभाग १९२६ सालीं सुरू झाला होता. गुरूचें ऋण स्मरून कानो यांनीं स्वतः या मुलीस तेथें येण्याचें निमंत्रण दिलें, आणि १९३५ सालीं ती दाखल झाली. ५ फुटांहूनही ठेंगणी. पुढें ती अमेरिकेंत गेली, सॅन फ्रान्सिस्को येथें तिनें स्त्रियांसाठीं तालीम चालविली, आणि नव्वदी उलटल्यावरही चटईच्या कडेस बसून ती शिकवीत असे. २०१३ सालीं, वयाच्या ९९ व्या वर्षीं, ती वारली. कानोंच्या हाताखालीं प्रत्यक्ष शिकलेल्या शिष्यांपैकीं तोंवर जवळ जवळ कोणीच उरलें नव्हतें.